घरून काम : दिवस सुरू होतो, संपत मात्र नाही

रेवती_बडोदे
२ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी बडोद्यातून, दांडिया बझारमधल्या आमच्या जुन्या घरातून, पुण्याच्या एका फर्मचं काम करते. इंग्लंडमधले छोटे दुकानदार, प्लंबर, दोन-तीन उपाहारगृहवाले यांचे हिशेब आम्ही लिहितो. त्यांची बिलं चढवायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं, दर तीन महिन्यांनी व्हॅट रिटर्न, म्हणजे तिकडच्या विक्रीवरच्या कराचं विवरणपत्र, तयार करायचं. घरात सासू-सासरे, नवरा आणि सहावीतली मुलगी. नवरा साडेआठला कंपनीच्या बसने निघतो, मुलगी शाळेत जाते. मग दिवसभर घरात आई, बाबा आणि मी.

घरून काम कसं करावं यावर वाचायला पुष्कळ मिळतं. लवकर उठा, यादी करा, फोन दूर ठेवा. यातलं बरंचसं एकट्याने फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं असं मला वाटतं. माझी अडचण वेगळी होती, आणि ती कळायला एक मोठी चूक व्हावी लागली.

तारीख ७ मे २०२४. मार्चअखेर संपलेल्या तिमाहीचं व्हॅट रिटर्न भरायची शेवटची तारीख ७ मे असते. तिमाही संपल्यावर एक महिना आणि सात दिवस, असा तिकडचा नियम. नेमकं त्याच दिवशी गुजरातेत लोकसभेचं मतदान होतं. पुण्याचं मतदान १३ मेला, म्हणजे आमचं ऑफिस चालू आणि माझं घर सुट्टीवर. मतदान करून आलेले पाहुणे दुपारी आमच्याकडेच थांबले, कारण बाहेर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन. चार वेळा चहा झाला. मध्येच गॅसचा सिलिंडर आला. मी दर वेळी उठत होते आणि परत येऊन जिथे सोडलं तिथून पुढे जात होते. निदान माझी तशी समजूत होती. एका उपाहारगृहाच्या खरेदीचं ४८०० पाउंडांचं बिल माझ्याकडून दोनदा चढलं. त्यात ८०० पाउंड व्हॅट होता आणि खरेदीवर भरलेला व्हॅट परत मागता येतो, म्हणजे गिऱ्हाइकाने सरकारकडून ८०० पाउंड जास्तीचे मागितले असते. रात्री अकरा वाजता तपासताना आमच्या वरिष्ठांच्या नजरेला ते आलं म्हणून निभावलं. चूक माझीच होती आणि मी ती कबूल केली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांशी बोलले. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तू ड्युटीवर चढतेस कधी आणि उतरतेस कधी, हे या घरात कुणालाच कळत नाही. तुला तरी कळतं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून एक लांबोडकं रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठा, कोपऱ्यात कसरीने खाल्लेला. स्टीलच्या पट्टीने रकाने आखले : तारीख, आली, गेली, सही. भोक पाडून सुतळी ओवली, सुतळीला पेन बांधलं आणि मागच्या खोलीच्या चौकटीवरच्या खिळ्याला टांगलं. नियम एकच. सही करून आत गेलीस की तू घरात नाहीस, सही करून बाहेर आलीस की तू ऑफिसात नाहीस.

महिन्याभराने आम्ही दोघांनी ते वाचायला घेतलं. उन्हाळ्यात माझी पाळी साडेबारा ते साडेआठ, म्हणजे तिकडचे सकाळचे आठ ते चार. कामाचे दिवस बावीस. त्यातल्या चौदा दिवसांना दोन-दोन ओळी होत्या : 'गेली ८.३०', आणि खाली त्याच तारखेला 'आली ९.४५, गेली ११.२०'. दुपारी मी फोडणी घालून येत होते, भाजी निवडत होते, कुरियर घेत होते, आणि त्याची भरपाई रोज रात्री माझ्या झोपेतून होत होती. मी आईंना मनातल्या मनात दोष देत होते की त्या सारख्या हाका मारतात. पण मी स्वयंपाकघरात दिसत असेन तर त्यांनी हाक का मारू नये?

मग घर नव्याने बसवलं. सकाळचा सगळा स्वयंपाक माझा. संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावली, माझ्या पगारातून. दारावरची बेल बाबांची. सव्वाचारला पंधरा मिनिटं झोपाळ्यावर आईंबरोबर चहा, आणि तेव्हा फोन खोलीतच राहतो. शेवटची सही झाली की लॅपटॉप कपाटात, किल्ली आईंकडे. किल्ली मागायला गेलं की त्या "का?" एवढंच विचारतात. बहुतेक वेळा माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नसतं.

इंग्लंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणजे थंडीत माझी पाळी दीड ते साडेनऊ. घराला हा एक तास फार जड जातो, मुलीचं जेवण आणि अभ्यास नेमका त्यातच येतो. बाबा दोन्ही रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने वर्षाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवतात.

आता विचारायचं ते हे. ३१ जानेवारी ही तिकडच्या वैयक्तिक कराच्या ऑनलाइन रिटर्नची शेवटची तारीख. एक दिवस उशीर झाला तरी १०० पाउंड दंड. त्यामुळे जानेवारीत आमच्यावर कामाचा डोंगर असतो, आणि नेमकी १४-१५ला उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची आमच्याकडची पतंगबाजी! प्रत्येक गच्चीवर स्पीकर आणि 'काप्यो छे', म्हणजे 'कापला रे'चा गजर. गेल्या वर्षी त्या दोन दिवसांत हातून धड काम झालं नाही, आणि लेकीबरोबर गच्चीवरही जाता आलं नाही. तुम्ही लोक काय करता?

---

वाडीतला_मंदार
२ डिसेंबर २०२४

रेवतीताई, रजिस्टर उचलतोय. आजच आणतो.

मी घराच्या तांत्रिक बाजूचं लिहितो, कारण जुन्या घरात अर्धा दिवस त्यातच जातो. बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घराच्या भिंती हात-दीड हात जाड आहेत. वाय-फायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५चा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. २.४ भिंत ओलांडतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटर त्यावरच असल्यामुळे गर्दी. मी दोन वर्षं राउटर या कोनाड्यातून त्या कोनाड्यात हलवत बसलो. शेवटी राउटरपासून टेबलापर्यंत चौकटीच्या कडेने लॅन केबल ओढली आणि प्रश्न मिटला. खर्च अगदी किरकोळ.

दुसरं, इन्व्हर्टर. बऱ्याच इन्व्हर्टरवर नॉर्मल आणि यूपीएस असं बटण असतं. नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला किंचित जास्त वेळ लागतो. दिव्यांना ते चालतं, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मीटिंगमधली तुमची दोन-तीन मिनिटं गेलीच. बटण यूपीएसवर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते. घेताना अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते बघून घ्या. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे लोक हमखास विसरतात.

ऑगस्टच्या पुरात हे फार कामी आलं. आमच्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि ती ३५च्या वर गेली होती. माझा भाऊ समा भागात राहतो. तो बायको-मुलांना आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या लॅपटॉपला घेऊन आमच्याकडे आला. चार दिवस आम्ही दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम केलं. खरं सांगतो, माझी इतकी कामं एरवी चार दिवसांत कधीच उरकत नाहीत. समोर कुणीतरी कामात गुंतलेलं असलं की आपलाही हात थांबत नाही. तेव्हापासून तो दर बुधवारी आमच्याकडे येतो.

---

मृण्मयी_मांजलपूर
३ डिसेंबर २०२४

छान लिहिलंय, पण वाचून थोडं पोटात तुटलं. आम्ही वन बीएचकेत राहतो. नवराही घरून काम करतो, मुलगा अडीच वर्षांचा. सासू-सासरे नाशिकला. चौकट कुठली आणि खिळा कुठला? मी पलंगावर बसते, तो जेवणाच्या टेबलावर, आणि मूल दोघांच्या मध्ये. माझा कॉल सुरू असताना मुलगा रडायला लागला की मी माइक बंद करते आणि नवऱ्याकडे बघते. त्याचाही माइक चालू असतो. दिवसातून दहा वेळा. रात्री वाटतं, आज मी ना धड आई झाले ना धड कामाची.

---

फिजिओ_अश्विनी
३ डिसेंबर २०२४

मृण्मयी, बाकीचं इतर लोक सांगतीलच, पण पलंग आधी सोड. माझ्याकडे येणाऱ्या घरून काम करणाऱ्यांत मान आणि कंबर धरलेल्यांची निम्मी कहाणी पलंगावर सुरू होते. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेव, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत येऊ दे, आणि वेगळा साधा कीबोर्ड घे. पाय टेकत नसतील तर खाली पाट. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, खिडकीबाहेरचं झाड चालेल.

---

अर्थशोध
३ डिसेंबर २०२४

मृण्मयीताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि अभ्यासांतून त्याला चांगला आधार मिळतो.

घरून कामाच्या बाजूने नेहमी जो प्रयोग सांगितला जातो तो निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा, चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. कॉल सेंटरमधल्या काहींना नऊ महिने घरून काम दिलं आणि त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. एवढंच सगळे सांगतात. पण त्या १३तले ९ टक्के पाळीतली कामाची मिनिटं वाढल्यामुळे आले. मधल्या सुट्ट्या कमी झाल्या, आजारपणाच्या रजा कमी झाल्या. मिनिटागणिक जास्त कॉल घेतल्यामुळे आलेली वाढ साधारण ४ टक्के.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निवड. विभागातल्या ९९६ जणांपैकी ५०३ जणांनी तयारी दाखवली आणि त्यातले २४९ पात्र ठरले. पात्रतेच्या अटी तीन : कंपनीत किमान सहा महिने झालेले, घरी ब्रॉडबँड, आणि कामासाठी स्वतंत्र खोली. म्हणजे ज्यांच्याकडे खोली नाही ते प्रयोगात नव्हतेच! आणि नऊ महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसला परतले. एकटेपणा हे त्यांचं एक मोठं कारण होतं.

याच कंपनीतला दुसरा प्रयोग २०२४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. १६१२ जण, आठवड्यात दोन दिवस घरून. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या मूल्यमापनात फरक दिसला नाही. मृण्मयीताई, तुमचं जमत नसेल तर कमतरता चौरस फुटांची आहे. स्वतःला बोल लावू नका.

---

जुना_वाचक
४ डिसेंबर २०२४

मृण्मयी बेटा, आपल्या गावात एक स्वतंत्र खोली आहे आणि ती सगळ्यांची आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी.

मी निवृत्तीनंतर रोज जातो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक नसेल तर तो अक्षरं विसरतो. म्हणून १९१०मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं. पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवत असत. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आहेत, आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना मी लहान होतो आणि वडिलांचा हात घट्ट धरला होता.

तिथे फोनवर बोलता येणार नाही. पण प्रत्येक नोकरीत न बोलता करायचं कामही असतंच. ते एका बाजूला काढ आणि दोन-तीन तास जाऊन बस. तेवढा वेळ मूल नवऱ्याकडे. परत आलीस की तो जाईल.

---

सह्याद्री_के
५ डिसेंबर २०२४

मी पुण्यात बारा जणांची टीम सांभाळतो, सात जण वेगवेगळ्या गावांतून घरून काम करतात. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

दुपारी दोन ते चार माझे काही लोक अक्षरशः नाहीसे होतात. नावापुढे हिरवा ठिपका, पण निरोपाला उत्तर नाही. मग फाइल रात्री नऊला येते आणि ती तपासायला मला अकरापर्यंत बसावं लागतं. माझ्याही घरी माणसं आहेत. रजिस्टर चांगलं आहे, पण ते तुमच्या घरच्यांसाठी झालं. आम्हाला काय कळणार?

---

रेवती_बडोदे
५ डिसेंबर २०२४

सह्याद्री, राग अजिबात नाही. तुमचं दुखणं खरं आहे. माझ्या वरिष्ठांनी त्या रात्री अकरा वाजता माझी चूक पकडली, म्हणजे तेही त्यांच्या घरच्या वेळेतच काम करत होते. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं.

पण हिरव्या ठिपक्यावर माझा भरवसा नाही. ठिपका हिरवा ठेवायला माउस हलवला तरी पुरतो. दोन तास एकाग्र होऊन बँक जुळवणारी बाई तेवढा वेळ गप्पच दिसणार. आम्ही असं ठरवलं : पाळी सुरू होताना मी तीन ओळी लिहून पाठवते. आज कुठल्या फाइली, कुठली किती वाजता मिळेल, कुठे अडलंय. बोलायचं असेल ते साडेतीनला किंवा साडेसहाला. मधल्या वेळात आग लागल्यासारखं काही असेल तर सरळ फोन करायचा. वर्षभरात असा फोन मला तीनदा आला असेल. आणि पाच वाजता देते म्हटलेली फाइल लांबणार असेल तर ते चारला कळवायचं, पाचला नाही. एवढं पाळलं की ठिपक्याकडे कुणी बघत नाही.

---

सह्याद्री_के
५ डिसेंबर २०२४

चारला कळवायचं, हे पटलं. सोमवारपासून टीमला सांगतो. आणि एक कबुली : मी स्वतः कधीही, कुणालाही 'दोन मिनिटं आहेत का?' म्हणून फोन करतो. तेही दोन ठरावीक वेळांवर आणायला हवं.

---

मृण्मयी_मांजलपूर
१९ डिसेंबर २०२४

काका, गेले दोन आठवडे लायब्ररीत जाते आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचे अडीच तास. माझं काम ऑनलाइन अभ्यासक्रमांचे धडे तपासायचं, त्यातलं सलग वाचायचं सगळं मी तिकडे नेते. काल अठ्ठावीस पानं एका बैठकीत झाली. घरी तीच पानं दोन दिवस पुरतात. नवऱ्याने त्याचे कॉल दुपारी ढकललेत. घरी मी आहे तेव्हा मूल माझं, तो आहे तेव्हा त्याचं, एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरलंय. अश्विनीताई, पलंग सोडला. पाटावर पाय ठेवून बसते.

काचेच्या जमिनीबद्दल लेकाला सांगितलं. तो रोज विचारतो की फुटत कशी नाही.

---

वाडीतला_मंदार
६ जानेवारी २०२५

रेवतीताई, उत्तरायणाचं काय ठरलं?

---

रेवती_बडोदे
२ फेब्रुवारी २०२५

उशिरा लिहिते आहे, जानेवारी तसाच गेला.

उत्तरायणाचं मी डिसेंबरातच वरिष्ठांशी बोलून घेतलं. कारण सांगितलं, आडपडदा ठेवला नाही : त्या दोन दिवशी दुपारनंतर माझ्या घरातून कॉल होणं शक्य नाही. त्याऐवजी पहाटे साडेपाच ते साडेबारा बसते आणि उरलेला एक-एक तास त्याआधीच्या दोन शनिवारी भरून देते. त्या वेळी इंग्लंड झोपलेलं, म्हणजे तिकडून कुणी काही विचारायला येणार नाही. म्हणून त्या दोन दिवसांसाठी फक्त न बोलता करायची कामं बाजूला काढली. थंडीत पहाटे आईंनी न सांगता आल्याचा चहा आणून ठेवला. नऊ वाजता स्पीकर सुरू झाले तेव्हा निम्म्याहून जास्त काम हातावेगळं झालं होतं. १४ तारखेला पाऊण वाजता मी गच्चीवर होते. लेकीने माझ्या हातात फिरकी दिली आणि संध्याकाळी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, उडेपर्यंत खाली जाऊ दिलं नाही. लांबणीवर पडलेली चिक्की आणि उंधियू दोन्ही झालं.

३१ तारखेला शेवटचं रिटर्न रात्री नऊ पंचावन्नला गेलं. लॅपटॉप कपाटात ठेवला, किल्ली दिली, सही केली : 'आली १.३०, गेली १०.०५'. सकाळी बघते तर शेजारी बाबांनी लाल पेनने लिहून ठेवलं होतं, 'उशीर ३५ मिनिटं, कारण मान्य'.